मैदानावर एक बाई हवी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनी बोलण्याचा मान मंडळाने मला दिला, त्याबद्दल मी ऋणी आहे. मी काही व्याख्याती नव्हे. तीस वर्षे शाळेत मुलींना कवायत शिकविली, एवढाच माझा अधिकार. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हणाले, "फुटबॉल." त्यांना वाटले, बाई थट्टा करताहेत. दरवर्षी येथे आरोग्य, बचत, मुलांचा अभ्यास असे विषय असतात. त्यात हा चेंडू कोठून घरंगळत आला? पण मी विषय बदलला नाही. त्याचे कारण आधी सांगते, म्हणजे पुढचे सारे समजायला सोपे जाईल.

आपल्या कर्जत-खालापूर भागात फुटबॉल काही परका नाही. भातकापणी झाली, खाचरे वाळली, की बांधाबांधावरून पोरांचे पाय धावू लागतात. दोन दगड इकडे, दोन दगड तिकडे, झाले गोल. सुमारे 1998 साली आमच्या शाळेत जवळच्या वाडीवरची एक मुलगी होती. शाळेचे नाव मी सांगत नाही, कारण यात दोष शाळेचा नाही, माझा आहे. ही मुलगी डावखुऱ्या पायाची. अनवाणी खेळे. चेंडू पायाला असा चिकटून राही, की जणू दोरीने बांधला आहे. मुलांच्या घोळक्यातून ती निघाली की मुले बाजूला होऊन पाहत उभी राहत.

ती चौदा वर्षांची झाली. एक दिवस तिची आई शाळेत आली. हात जोडून म्हणाली, "बाई, पोरगी आता मोठी झाली. पोरांच्यात खेळते म्हणून लोक बोलतात. तुम्हीच तिला सांगा." आणि मी सांगितले. मी तिला म्हणाले, "आता पुरे हो बाळ, अभ्यासाकडे लक्ष दे." ती मुकाट्याने ऐकून गेली. तिने दुसऱ्या दिवसापासून चेंडूला पाय लावला नाही. दहावीच्या आत शाळाही सुटली. म्हणजे मी ज्या अभ्यासाचे नाव सांगितले, तोही झाला नाही.

गेल्या हिवाळ्यात खोपोलीच्या गाडीत एका बाईने मला जागा दिली. तीच ती. मांडीवर भाजीची पिशवी, शेजारी बारा वर्षांची मुलगी, आणि मुलीच्या कुशीत एक चेंडू. इकडचे-तिकडचे बोलणे झाले. मग ती म्हणाली, "बाई, हिला शिकवायला कोणी बाईमाणूस मिळेल का? बाप्याकडे शिकवायला हिचे बाबा धाडत नाहीत." माझ्यापाशी उत्तर नव्हते. पळसदरी आले, कर्जत आले, तरी मी गप्पच होते. आजचे भाषण हे त्या प्रश्नाला उशिराने दिलेले उत्तर समजावे.

त्या दिवसापासून मी या खेळातल्या बायकांविषयी वाचू लागले, आणि माझी मलाच लाज वाटली. मी त्या मुलीला "पुरे" म्हणाले, तेव्हा मला वाटत होते की या वाटेला पुढे गावच नाही. वाट होती आणि गावही होते. मला ते ठाऊक नव्हते, इतकेच.

आपल्या देशात मुलींची पहिली राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा 1975 साली झाली. 1980 साली कालिकतला आशियाई स्पर्धा भरली, तीत आपल्या मुली अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्या. 1983 साली बँकॉकला पुन्हा पोहोचल्या. त्याच वर्षी बंगालच्या शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलमध्ये तो मिळविणारी ही पहिली स्त्री. त्या काळच्या भारतीय संघात आपल्या शेजारच्या गोव्याच्या योलांडा डिसोझा होत्या. म्हणजे मी 1998 साली त्या मुलीला घरी बसविले, त्याच्या कितीतरी आधी हे सारे होऊन गेले होते.

मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवी यांचे पाहा. 1995 साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्या भारताच्या संघात आल्या. पंधराव्या वर्षी! माझी विद्यार्थिनी चौदाव्या वर्षी थांबली होती. बेमबेम देवी वीस वर्षे देशासाठी खेळल्या, कर्णधार झाल्या, मणिपूरच्या पोलीस खात्यात नोकरीला लागल्या. 2014 साली, चौतीस वर्षांच्या असताना, मालदीवच्या एका क्लबाने त्यांना खेळायला बोलावून नेले. 2016 साली देशासाठी खेळणे थांबविले आणि पुढच्याच वर्षी मुलींच्या पहिल्या राष्ट्रीय लीगमध्ये आपल्या मणिपुरी क्लबाला शिकवून, स्वतःही मैदानात उतरून, विजेतेपद मिळवून दिले. 2017 साली त्यांना अर्जुन पुरस्कार, 2020 साली पद्मश्री.

पण मला आज विशेष सांगायचे आहे ते गोव्याच्या मेमोल रॉकी यांच्याविषयी. कारण खेळाडूची बाई कशी होते, हे त्यांच्या आयुष्यात नीट दिसते. 'बाई' म्हणजे आपण शाळेत म्हणतो ती बाई, शिकविणारी.

मेमोलबाई भारताकडून खेळल्या. खेळाचे वय सरल्यावर बहुतेक जणी बूट खुंटीला टांगतात. त्यांनी तसे केले नाही. त्या शिकविण्याकडे वळल्या. 2017 साली साजिद दार यांच्या जागी भारताच्या महिलांच्या मुख्य संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. देशभरातून निवडलेल्या मुली: कोणी मणिपूरची, कोणी तामिळनाडूची, कोणी हरियाणाची. एकीची भाषा दुसरीला कळत नाही, जेवणही वेगळे. या साऱ्या जणींना एका ओळीत उभे करायचे आणि सांगायचे, की आता तुम्ही अकरा जणी नाहीत, एक आहात. आपल्यापैकी ज्यांनी एकत्र कुटुंबात चार जावा सांभाळल्या, त्यांना हे काम काय असते ते मी सांगायला नको.

2018 सालच्या नोव्हेंबरात ब्रह्मदेशातल्या यांगूनला ऑलिंपिकची पात्रता फेरी होती. आपल्या मुलींनी नेपाळशी बरोबरी केली, बांगलादेशावर सात गोल चढविले, यजमानांकडून 2-1 अशा हरल्या. तरी गटात दुसऱ्या येऊन पुढच्या फेरीत गेल्या. ऑलिंपिकच्या पात्रतेत दुसरी फेरी गाठण्याची भारताच्या मुलींची ती पहिलीच वेळ. मग 2019 च्या मार्चमध्ये नेपाळातल्या बिराटनगरला दक्षिण आशियाचे विजेतेपद. अंतिम सामना यजमान नेपाळशी, तेथल्या प्रेक्षकांच्या गर्जनेत, आणि आपण 3-1 ने जिंकलो. सलग पाचवे विजेतेपद ते.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी मंडाले येथे ऑलिंपिकची दुसरी फेरी. हा प्रसंग मी जरा सविस्तर सांगते. गटात चार देश, आणि पुढे जाणार एकच. आपण इंडोनेशियाला 2-0 असे हरविले, नेपाळला 3-1 असे हरविले. शेवटचा सामना यजमान ब्रह्मदेशाशी. त्यांनीही दोन्ही सामने जिंकलेले, आणि त्यांनी गोल आपल्याहून जास्त केलेले. म्हणजे बरोबरी झाली तर गुण सारखे होणार, पण गोलांच्या हिशेबात ते पुढे जाणार. आपल्याला जिंकणेच भाग होते. उत्तरार्धात भारताचे तीन आणि त्यांचे दोन गोल झाले होते. विचार करा, घड्याळाचा काटा काही केल्या सरकत नसेल! आणि त्यांनी तिसरा गोल केला. सामना 3-3 असा सुटला. दोन्ही संघांचे सात-सात गुण, आणि आपण बाहेर. एकही सामना न हरता बाहेर.

भगिनींनो, अशा वेळी बाईची परीक्षा असते. जिंकलेल्या मुलींना कोणीही मिठाई भरवील. न हरताही बाहेर पडलेल्या, रडणाऱ्या मुलींना घरी न्यायचे आणि पुन्हा मैदानावर उभे करायचे, हे खरे शिकविणे. त्याच वर्षी डिसेंबरात पोखऱ्याला दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. अंतिम सामन्यात पुन्हा नेपाळ, पुन्हा त्यांचेच मैदान. मणिपूरच्या बाला देवींनी दोन गोल केले आणि आपण सुवर्णपदक आणले. तेव्हा मेमोलबाईच संघाच्या बाकावर होत्या.

पुढे करोनाची साथ आली. वर्षभराहून अधिक काळ संघाला एकही आंतरराष्ट्रीय सामना मिळाला नाही. 2021 च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात युरोपातल्या बलाढ्य संघांशी गाठ पडली. रशियाने आपल्यावर आठ गोल केले. पण त्याच दौऱ्यात युक्रेनशी आपण 2-3 असे, म्हणजे एकाच गोलाने हरलो. त्या वर्षीच्या जुलैत मेमोलबाईंनी वैयक्तिक कारण सांगून पद सोडले. सारे काही गोडच झाले असे मी म्हणणार नाही. पण चार वर्षे देशाचा संघ एका बाईच्या शब्दावर धावला, ही गोष्ट झाली ती झाली. ती आता कोणी पुसू शकत नाही.

परदेशातही बायकांना हा खेळ कोणी ताटात वाढून दिलेला नाही. 1920 सालच्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला बायकांचा सामना पाहायला 53 हजार लोक जमले होते. दुसऱ्याच वर्षी तेथील फुटबॉल संघटनेने, हा खेळ बायकांना योग्य नव्हे असे सांगून, आपल्या क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ती बंदी 1971 सालापर्यंत टिकली. पन्नास वर्षे! "लोक बोलतात" हे केवळ आपल्या आळीतले दुखणे नव्हे, हे यावरून लक्षात येईल. आणि आज त्याच इंग्लंडच्या महिलांनी 2022 आणि 2025 असे दोनदा युरोपचे विजेतेपद मिळविले, ते सरीना विगमन या डच बाईंच्या हाताखाली. या विगमनबाई खेळत असताना शाळेत शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका होत्या. हे वाचले तेव्हा मला मोठी गंमत वाटली. आम्ही कवायतीच्या बाया अगदीच टाकाऊ नाही म्हणायचे!

बाई प्रशिक्षक असली म्हणजे वेगळे काय होते, असे एका सद्गृहस्थांनी मला विचारले. पुरुष शिकवीत नाहीत का? शिकवितात, आणि उत्तम शिकवितात. परंतु बाराव्या-तेराव्या वर्षी मुलीच्या देहात जे बदल होतात, त्या वेळी तिला मैदानावर टिकवून धरणे हे फार नाजूक काम आहे. महिन्याच्या अडचणीच्या दिवसांत ती कोणापाशी बोलणार? पोटात दुखते म्हणून ती दोन दिवस येत नाही, मग संकोचाने चार दिवस येत नाही, मग कायमची येत नाही. बाई असली की ती कानात सांगते, आणि बाई म्हणते, "बैस जरा, उद्या धाव." येथेच खेळ वाचतो. दुसरे, घरच्यांचा विश्वास. मुलगी सायंकाळी सहाला मैदानावरून निघते, साडेसहाची एस.टी. चुकली तर काय, ही काळजी आईला असते, आणि ती खोटी नाही. सोबतीला बाई आहे म्हटले की निम्मी काळजी उतरते. आणि तिसरे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मुलीला समोर दिसते की खेळून मोठे झालेले बाईमाणूस असे असते. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

आता पोटाचा प्रश्न. मुली फुटबॉल खेळून खाणार काय, हे विचारणे आईचे कर्तव्यच आहे. मी खोटी आशा दाखविणार नाही. यात पैशाचा पाऊस नाही. परंतु रेल्वेत, पोलीस खात्यात खेळाडूंना नोकऱ्या मिळतात, हे आपल्या रेल्वेच्या गावाला कोणी सांगायला नको. मुलींची राष्ट्रीय लीग 2016-17 पासून सुरू झाली आहे. आणि शिकविण्याचे काम हा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लज तालुक्यात बेकनाळ नावाचे खेडे आहे. तेथल्या अंजू तुरंबेकर महाराष्ट्राकडून खेळल्या, प्रशिक्षणाच्या परीक्षा देत देत आशियाई संघटनेच्या 'ए' परवान्यापर्यंत पोहोचल्या, आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघात लहान मुलांच्या फुटबॉलच्या प्रमुख झाल्या. खेड्यातली, आपल्यासारखेच मराठी बोलणारी मुलगी. तेव्हा बेकनाळला जे जमले ते कर्जत-खालापूरला का जमू नये?

30 ऑक्टोबर 2022 रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. आम्ही सहा जणी डबे बांधून गेलो होतो. ठाण्याला गाडी बदलली, नेरूळला उतरलो. स्पेनने कोलंबियाला एका गोलाने हरविले. घरी परतायला मध्यरात्र उलटली. पण त्या रात्री मी स्पेनकडे फारसे पाहिले नाही. मी पाहत होते प्रेक्षकांत बसलेल्या मुलींकडे. हजारो मुली! जगातला अंतिम सामना आपल्या घरापासून दोन गाड्यांच्या अंतरावर आला होता, आणि आपल्या वाडीवरची एकही मुलगी तेथे नव्हती. आपणच तिला नेले नव्हते. 2025 च्या जुलैत आपल्या महिलांनी थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 असे हरवून ऑस्ट्रेलियातल्या 2026 च्या आशियाई स्पर्धेत प्रवेश मिळविला. पात्रता सामने जिंकून तेथे जाण्याची ही पहिलीच खेप. ती बातमी मात्र मी जपून ठेवली आणि खोपोलीच्या गाडीतल्या त्या मायलेकींना वाचून दाखविली.

असो. नुसते बोलून काय होणार? मंडळापुढे मी एक साधी सूचना ठेवते. आपण दर संक्रांतीला हळदीकुंकवाचे वाण वाटतो. प्लास्टिकचे डबे, चमचे, आरसे. घरोघरी ते माळ्यावर पडून आहेत. एक वर्ष आपण वाण साधे ठेवू. तिळगूळ आणि फूल. उरलेल्या पैशांतून आपल्याच तालुक्यातली, खेळाची आवड असलेली, शिकलेली एक तरुण मुलगी निवडू, आणि तिला प्रशिक्षणाच्या पहिल्या परीक्षेला पाठवू. महासंघाचा 'डी' परवाना असतो, तेथून सुरुवात होते. पुढे सी, बी, ए अशा पायऱ्या आहेत, त्या ती आपल्या हिमतीने चढेल. परत आल्यावर तिने आठवड्यातून तीन दिवस आपल्या मुलींना शिकवावे. सायंकाळी मैदानावर आपल्यापैकी दोन-दोन जणींनी पाळीपाळीने बसावे. निवडायचे-टिपायचे हातात घेऊन या, मेथी निवडता निवडता मुलींवर लक्ष राहील. मैदानाजवळच्या एखाद्या घराने मुलींना कपडे बदलायला आणि पाणी प्यायला आपले दार उघडे ठेवावे. एवढे केले तरी पुष्कळ आहे.

यातून भारताच्या संघात कोणी जाईल असे वचन मी देत नाही. बहुतेक मुली जाणार नाहीत. पण त्या चौदाव्या वर्षी घरी बसणार नाहीत, शाळा सोडणार नाहीत, आणि त्यांच्यातली एखादी पुढे दुसऱ्या वाडीवरच्या मुलींची बाई होईल.

मी त्या मुलीला "पुरे" म्हणाले, ते शब्द मला परत घेता येत नाहीत. तिच्या लेकीच्या वेळी तरी आपल्या मंडळाने वेगळे काही म्हणावे, एवढीच माझी विनंती. माझ्या नावाने पहिली वर्गणी मी आजच चिटणीसबाईंकडे देत आहे. बाकीचे आपल्या हाती.